हेलपाट्याचा खर्च कुणाच्या हिशेबात?

प्रति,
माहिती तंत्रज्ञान विभाग आणि नियोजन विभाग,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, महोदया,

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, एका गावात सेवा केंद्र चालवते. २०१२ साली ग्रामपंचायतीतल्या ‘संग्राम’ केंद्रावर संगणक परिचालक म्हणून लागले. तेव्हापासून सरकारचं जे जे ऑनलाइन झालं, ते आमच्या गावात माझ्या टेबलावरून गेलं: दाखले, सातबारा, पीक विमा, पीएम किसान, ई-पीक पाहणी, लाडकी बहीण, फार्मर आयडी. पुढच्या वर्षांत सरकार डिजिटल कामांवर कुठं आणि किती पैसा घालणार, ते तुमच्या दोन विभागांत ठरतं, म्हणून हे पत्र तुम्हाला. आधी एक प्रसंग सांगते.

ऑक्टोबर २०२५ संपत आला होता. दिवाळी नुकतीच झाली होती. ऊसतोडीला निघालेला ट्रक पारापाशी उभा होता. आत भांडी, बाजरीची पोती, दोन शेळ्या, वर लेकरं. मुकादम एकेकाला हाका मारत होता. तेवढ्यात माझ्या आईच्या वयाची एक मावशी प्लास्टिकची पिशवी घेऊन आत आली. लाडकी बहीणची केवायसी राहिली होती. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. ओटीपी येणार कुठं? नंबर बदलायला ती दोनदा आधार केंद्रावर जाऊन आली होती. पहिल्या दिवशी मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी तिची बोटंच उमटली नाहीत.

निदान ठसा येतो का ते पाहावं म्हणून मी माझं मशीन पुढं केलं. तिची बोटं हातात घेतली. वीस-पंचवीस हंगाम कोयता धरलेली बोटं ती. टोकांची कातडी घासून गुळगुळीत झालेली, मधे पाचटानं कापलेल्या बारीक चिरा, त्यात काळं भरलेलं. ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली. आम्ही सगळे केंद्रवाले करतो तसं केसांवरून बोट फिरवायला लावलं, म्हणजे थोडं तेल लागतं आणि ठसा धरतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, दोन्ही हातांची. काही येईना. मावशी म्हणाली, “लेकी, रेघा कोयत्यानं खाल्ल्यात गं. मशीनला काय दिसायचं?” बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. तिनं कागद पिशवीत घातले, आणि ट्रकात चढली. पुढचे पाच महिने कर्नाटकातल्या फडावर.

त्या मावशीचे दोन हेलपाटे झाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचे उपकार आहेतच. पण तिकिटापेक्षा दिवसाची मजुरी मोठी असते आणि ती दोन्ही दिवशी बुडाली. वर झेरॉक्स, चहा, आणि सकाळी सातला निघून संध्याकाळी रिकाम्या हातानं येण्याचा शीण. हा सगळा खर्च त्या केवायसीचा आहे. सरकारची एक सेवा चालवायला तो लागला आणि तो तिनं स्वतःच्या खिशातून केला. तुमच्या फायलीत त्या सेवेचा खर्च लिहिलेला असेल, सर्व्हरचा, सॉफ्टवेअरचा, प्रशिक्षणाचा, जाहिरातीचा. हेलपाट्याचा रकाना तिथं नाही. तो धरा, एवढीच माझी मागणी आहे. यापुढं कुठल्याही पोर्टलला, ॲपला पैसा मंजूर करताना, यामुळे माणसाचे हेलपाटे किती वाढणार आणि किती कमी होणार हे आधी लिहून काढा. वर्षानं मोजा. आणि पुढचा पैसा त्या मोजणीवर द्या.

हे मोजलं जात नाही याचं एक कारण मला माझ्या टेबलावरून स्पष्ट दिसतं. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. चांगला कायदा आहे. प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत, उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. माझ्याकडची माणसं अडतात ती त्याच्या आधी. ओटीपी येत नाही, नाव जुळत नाही, साइट उघडत नाही, फोटो ठरल्या केबीत बसत नाही. अर्ज दाखलच झाला नाही, म्हणजे कागदोपत्री उशीरही झाला नाही. तुमच्या डॅशबोर्डवर आमचा तालुका हिरवा दिसतो, आणि त्याच वेळी माझ्या दारात बाकावर माणसं बसलेली असतात.

मी एक वही ठेवली आहे. काम न होता कोण परत गेलं, आणि का, एवढंच त्यात लिहिते. एका मंगळवारी नऊ जण परत गेले. त्यातल्या चौघांचा मोबाइल नंबर आधारला नव्हता. दोघांचं नाव सातबाऱ्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं. एका काकांचं सातबाऱ्यावर ज्ञानोबा आहे, आधारवर ज्ञानेश्वर. सगळं गाव त्यांना पन्नास वर्षं ज्ञानोबाच म्हणतं. बायकांचा घोळ याहून मोठा. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. उरलेले तिघं सर्व्हरमुळे गेले. असली वही प्रत्येक केंद्रात ठेवता येईल. पोर्टललाही स्वतःच ठेवता येईल. अर्ज कुठल्या पानावर अर्धवट सुटला हे यंत्राला माहीत असतंच, फक्त ते कुणीतरी वाचलं पाहिजे.

नवीन सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, आता १५ रुपयांत. त्याआधी एका उताऱ्यासाठी तलाठी सज्जावर, मग तालुक्याला, मग पुन्हा सज्जावर अशी वारी असायची. आज शेतकरी दहा मिनिटांत उतारा घेऊन बँकेत जातो. त्यासाठी कुणाला गावोगाव जाहिरात करावी लागली नाही. लोक आपण होऊन आले, कारण हेलपाटा खरोखर वाचला. सरकारनं डिजिटलवर घातलेला पैसा कसा वसूल होतो ते पाहायचं असेल तर हा सातबारा पाहा.

आता वेळेचं. लाडकी बहीणच्या केवायसीचं परिपत्रक १८ सप्टेंबर २०२५ ला निघालं, मुदत दोन महिन्यांची. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात महापूर आला. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा पात्र सोडून वाहिल्या, खाली भूम-परंड्याकडं सीनेनं गावंच्या गावं पाण्यात घातली. लोकांचे आधार, रेशनकार्ड, पासबुक चिखलात गेले. पाणी ओसरतंय तोवर दिवाळी, दिवाळी झाली की ऊसतोड. म्हणजे ज्या दोन महिन्यांत आमच्याकडच्या बाईला अजिबात फुरसत नसते, नेमके तेच दोन महिने तिला दिले. वरून आधी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला. ज्या बाईचा नवरा गेला आणि बापही गेला, तिनं कुणाचा ओटीपी द्यायचा? पुढं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, विधवांसाठी सोयही केली. पण तोवर त्या बाया किती वेळा माझ्या बाकावर बसून गेल्या, ते मी पाहिलं आहे. हे आधी सुचायला अवघड नव्हतं. बीडच्या एखाद्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फोन करून विचारलं असतं, तरी त्यानं सांगितलं असतं.

म्हणून आखणी करताना मराठवाड्याचं वर्ष समोर ठेवा. जूनमध्ये पेरणीच्या घाईत मुदत घालू नका. दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत बीडची, धारूर-वडवणी-पाटोद्याची लाखभर घरं कुलूप लावून बाहेर असतात असं धरून चाला, आणि त्यांची कामं एकतर जाण्याआधी करा, नाहीतर कारखान्याच्या गव्हाणीपाशी करा. साखर कारखान्यावर केंद्र उभं करून केवायसी घ्यायला काय हरकत आहे? टोळ्या तिथं एका जागी असतात, मुकादमाकडं यादी असते. बोटं उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता आधारमध्ये आहे. ती प्रत्येक योजनेत पहिल्या दिवसापासून द्या, लोक ओरडल्यावर नको.

देखभालीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथं. आमच्या ग्रामपंचायतीत फायबरचा एक डबा भिंतीला बसवलेला आहे. बसवला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले. काही महिन्यांनी रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडली. जोडायची कुणी, यावर रस्तेवाल्यांचं आणि केबलवाल्यांचं अजून ठरलेलं नाही. डब्यावर कोळ्याची जाळी आहेत. मी माझं काम मोबाइलच्या नेटवर चालवते. आभाळ भरून आलं की तेही जातं, मग लॅपटॉप घेऊन मारुतीच्या देवळाच्या गच्चीवर बसायचं. तुम्हाला वाटेल हे एका गावाचं रडगाणं. पण गावोगाव फायबर नेण्याचं काम देशात २०११ मध्ये मंजूर झालं, २०१५ पासून त्याला भारतनेट म्हणतात, आणि २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी पुन्हा १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. या नव्या मंजुरीत एक गोष्ट शहाणपणाची आहे. जो बांधेल त्यानंच पुढं दहा वर्षं चालवायचं आणि दुरुस्त ठेवायचं, अशी अट घातली. बारा वर्षं लागली हे समजायला. राज्यानं आपल्या प्रत्येक डिजिटल कामाला हीच अट लावावी. घर बांधताना जसं आपण दरवर्षी पावसाळ्याआधी गळती काढायचा खर्च धरतो, तसा धरावा. तो धरणं जमत नसेल तर नवीन काही विकत घेऊ नये.

यात माणसंही आली. गावातल्या संगणक परिचालकांचं मानधन किती वेळा रखडलं आणि त्यासाठी मुंबईला किती मोर्चे गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्या मोर्चात चालले आहे. यंत्र विकत घ्यायला भांडवली निधी मिळतो, पण ते चालवणाऱ्या पोरापोरींच्या पगाराला ठराविक तरतूद नसते. यंत्र पाच वर्षांत भंगार होतं. चौदा वर्षं एकाच गावात बसलेल्या माणसाला कुणाचं नाव कुठल्या कागदावर चुकलंय हे तोंडपाठ होतं. या माहितीची किंमत तुमच्या आखणीत कुठंतरी दिसायला हवी.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला आमचे सदस्य रस्ता मागतात, विजेची डीपी मागतात, शाळाखोल्या मागतात. पालकमंत्री तिथल्या तिथं विचारतात, काम किती झालं, बिल किती निघालं. डिजिटल कामाचं असं कुणी विचारत नाही, कारण तालुक्यात कुठलं काम किती रुपयांचं आहे हे सदस्यालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या सरकारनं २००९ मध्ये आपले मोठे आयटी प्रकल्प एका उघड्या फलकावर मांडले: खर्च किती, वेळेत आहे का, आणि धोक्यात असेल तर लाल रंग. ऑस्ट्रेलियाही २०२४ पासून मोठ्या डिजिटल प्रकल्पांचा अहवाल लोकांसमोर ठेवतं. प्रकल्प पूर्ण होईल याची खात्री किती वाटते, तेही त्यात लिहितात. आपल्याकडं रोजगार हमीच्या कामावर पाटी असते, कामाचं नाव, मंजूर रक्कम, सुरू केल्याची तारीख. डिजिटल कामाची तशी पाटी करा. मराठीत करा. ठेकेदार कोण, देखभाल कोणत्या तारखेपर्यंत, आमच्या तालुक्यात किती लोकांनी वापरलं, किती अर्धवट सुटले. आणि जुनं कुठलं ॲप बंद केलं तेही लिहा. आजघडीला माझ्या मोबाइलमध्ये सरकारची इतकी ॲप आहेत की कुठल्याचा पासवर्ड कुठला हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं लागतं. त्यातली काही मेलेली आहेत, पण ‘मेली’ असं कुणी जाहीर केलेलं नाही.

एस्टोनिया नावाचा एक छोटा देश आहे. लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यापेक्षा थोडी जास्त, परभणीपेक्षा कमी. तिथं २००१ पासून सरकारी खाती एकमेकांशी सुरक्षित जोडलेली आहेत, आणि नियम असा की जी माहिती सरकारकडं एकदा आली ती नागरिकाकडं पुन्हा मागायची नाही. आमच्याकडं सातबारा सरकारचा, सही सरकारची, साठा सरकारच्याच सर्व्हरवर, आणि सरकारच्याच दुसऱ्या खात्याला अर्ज करताना शेतकऱ्यानं त्याची प्रिंट काढायची, स्कॅन करायची आणि पुन्हा चढवायची. २०२५ च्या पुरानंतर सरकारनं जाहीर केलं की ॲग्रीस्टॅकमध्ये, म्हणजे फार्मर आयडीच्या डिजिटल नोंदवहीत, नोंद असेल त्या शेतकऱ्याला मदतीसाठी पुन्हा केवायसीत अडकवणार नाही. तो निर्णय ऐकून मला मनापासून बरं वाटलं. फार्मर आयडीसाठी आम्ही रात्र रात्र बसलो होतो, त्याचं चीज झाल्यासारखं वाटलं. हेच कायमचं करा. आपत्तीतली सवलत म्हणून नको, रोजचा नियम म्हणून हवं.

शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) आणायच्या राज्याच्या ‘महाॲग्री-एआय’ धोरणाबद्दलही लिहायचं आहे. ५०० कोटींची तरतूद आहे, लातूरच्या सोयाबीनवाल्याला त्याचा फायदा व्हावा असं मलाही वाटतं. पण एआय शिकणार कुठल्या माहितीवर? अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या पाऊस मोजण्याच्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला तर. मंडळात गावं कितीतरी, केंद्र एक. आमच्याकडं बालाघाटाच्या एका अंगाला ढगफुटी होते आणि दुसऱ्या अंगाला फुफाटा उडतो. केंद्र कोरड्या अंगाला असलं तर भिजलेलं गाव कागदावर कोरडंच राहतं. ई-पीक पाहणीतही तसंच. रेंज नाही म्हणून घाईत शेजाऱ्याच्या बांधावरून फोटो मारला जातो, नाहीतर नोंद राहूनच जाते. उभं सोयाबीन असलेलं रान पडीक म्हणून लागतं. अशा माहितीवर कितीही हुशार यंत्र बसवलं तरी ते चुकीचंच शिकणार. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या हवामान नोंदींच्या उपक्रमात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक न्यायची योजना आहे. पहिला पैसा त्याला द्या. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत आधी तेवढं होऊ द्या.

आणि आमच्या जुन्या कागदांचं काय? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथले जमिनीचे जुने खासरा, पाहणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत, काही हैदराबादेत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली, तेव्हा तहसीलचे दप्तरखाने उघडले गेले आणि मोडी वाचणारा माणूस शोधायची धावपळ झाली. माझ्या केंद्रात लोक पणज्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन यायचे आणि मला विचारायचे, ऑनलाइन दिसतंय का. दिसणार कुठून? पुण्याच्या किंवा नाशिकच्या नोंदींपेक्षा आमच्या नोंदींचं काम मुळातच अवघड आहे, म्हणून इथं माणशी जास्त पैसा लागणार हे आखणीत धरा. उर्दू आणि मोडी वाचणारे आता म्हातारे झालेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून वाचून घ्या आणि हाताखाली तरुण तयार करा. इथं दहा वर्षं थांबलात तर नंतर पैसा असूनही उपयोग होणार नाही.

२०२५ मध्ये १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम झाला, कार्यालयांना गुण दिले गेले. वेबसाइट सुधारल्या, ई-ऑफिस आलं. पुढच्या फेरीत गुण देणाऱ्यांपैकी एकाला दिवसभर सेवा केंद्राच्या बाकावर बसवा, अशी माझी विनंती आहे.

माझ्या केंद्रात आलात तरी चालेल. ऊसतोडीची माणसं मार्च-एप्रिलात परत येतात. पाडव्याच्या मागंपुढं पहिले ट्रक येतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून पाच महिन्यांची तुंबलेली कामं घेऊन लोक दारात बसतात. त्या आठवड्यात या. तहसीलला कळवून आलात तर त्या दिवशी नेट चालेल, म्हणून न कळवता या. ती मावशीही तेव्हा आलेली असेल. वही टेबलाच्या डाव्या खणात आहे, हवी तितकी पानं वाचा.

आपली,
एक सेवा केंद्र चालक,
ता. धारूर, जि. बीड